बाजाराचा वाफा

आमच्या रानाला दोन-दोन पाणी हायेत, असं माझे वडील, आण्णा, पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगायचे. उमरग्याच्या खालच्या अंगाला, हायवेपासून थोडं आत, आमचं रान आणि रानातच घर. वरच्या बाजूला विहीर आणि खालच्या बांधाला लागून नाला. विहीर माझ्या आजोबांनी फोडलेली, काळ्या दगडातली, पाणी गोड, पण उन्हाळा लागला की तळाला जाऊन बसायची. नाल्याला उन्हाळा ठाऊक नव्हता. गाव जागं झालं की नाला वाहायला लागायचा. गावातल्या न्हाण्यांचं, संडासांचं, हॉटेलांच्या भांड्यांचं, दवाखान्यांच्या मोऱ्यांचं, हायवेवर ट्रक धुतात तिथलं, गॅरेजवाल्यांनी ओतलेल्या काळ्या तेलाचं, सगळं पाणी एकमेकांत मिसळून आमच्या बांधाशी यायचं. सकाळी त्यावर साबणाचा फेस असायचा आणि दुपारी तेलाचा रंगीत तवंग. आधी तो साधा ओढा होता आणि त्यात मासे होते, असं म्हातारे सांगायचे. मी तरी त्यात सलाईनच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्याच पाहिल्या.

आण्णांनी नाल्यावर मोटार टाकली ती मी फार लहान असताना. पाइपच्या तोंडाला जाळीचा गोळा असतो, त्याला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात. तो फुटबॉल रोज घाणीनं बुजायचा आणि आण्णा रोज कमरेइतक्या नाल्यात उतरून तो मोकळा करायचे. वर आले की अंगावर विहिरीच्या बादल्या ओतून घ्यायचे, तरी जेवायला बसले की वास यायचा. त्यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यात बारमाही चिखल्या होत्या. माय त्यावर हळद आणि खोबरेल लावायची. मोटार सुरू झाली की घरात घूं घूं असा आवाज भरून राहायचा. आम्ही त्यातच अभ्यास करायचो, त्यातच जेवायचो. लाईट गेली आणि तो आवाज थांबला की पहिल्यांदा आम्हाला पाखरांचा आवाज ऐकू यायचा.

आणि भाजी काय यायची म्हणता. नाल्याच्या पाण्यावरची मेथी, पालक, कोथिंबीर, गाजर. खताची पिशवी न फोडता पालकाची पानं तळहाताहून मोठी व्हायची, काळीभोर, तकतकीत. बाजारात मायची पाटी डोक्यावरून खाली उतरायच्या आत बायका हात घालायच्या. तिची जुडी जाड असायची, बोलणं गोड असायचं, आणि मोडलेली किडकी पानं ती आधीच काढून टाकायची. उमरग्यात तिला भाजीवाली म्हणून नाव होतं, आणि त्या नावाचा तिला अभिमान होता. आज मागं वळून पाहताना मला सगळ्यात अवघड जातं ते हेच, की ती आपलं काम मन लावून करायची.

आमच्या घरात एक रीत होती. ती कुणी कुणाला शिकवली नव्हती, जशी प्यायच्या हंड्याला खरकटा हात लावायचा नाही हे कुणी शिकवत नाही. रानात तीन जागी भाजीपाला होता. विहिरीजवळ दोन लहान वाफे, एक घरचा आणि एक देवाचा. घरच्या वाफ्यात आमच्यापुरती मेथी, शेपू, चुका, कांद्याची पात, मिरच्या, गाजराची एक ओळ. देवाच्या वाफ्यात झेंडू आणि शेवंती. आणि खाली नाल्याला लागून पसरलेला तो बाजाराचा वाफा. माय म्हणायची, जा गं, घरची मेथी घेऊन ये, आणि माझे पाय आपोआप विहिरीकडे वळायचे. गुरांनासुद्धा पाणी विहिरीचं. एकदा आण्णांनी खालच्या वाफ्यात झेंडू लावायचं काढलं, दसऱ्याला चांगला भाव येईल म्हणून. माय कधी आण्णांच्या पुढं बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली. घाणीच्या पाण्याची फुलं तुळजापूरच्या आईच्या गळ्यात घालायची का, असं तिनं विचारलं. झेंडूचं रोप विहिरीवर गेलं आणि खाली पुन्हा पालक टाकला. ही गोष्ट आमच्याकडे कितीतरी वर्षं मायच्या भक्तीची म्हणून सांगितली जायची. मीसुद्धा सांगितली आहे, अगदी कौतुकानं. त्यात खरं काय दडलंय हे माझ्या डोक्यात शिरायला निम्मं आयुष्य गेलं.

मला लाज वाटायची, पण ती वेगळ्याच गोष्टीची. शाळेत माझ्या दप्तराला वास येतो असं मला वाटायचं. येत असेलही. आमच्या घरातल्या उशांनाही यायचा. शाळेत पोचल्यावर नळाखाली पाय घासून धुवायचे आणि मगच वर्गात जायचं, असं मी आठवीत सुरू केलं. कुणी विचारलं की रान कुठं आहे, तर मी हात हवेत फिरवून तिकडं, असं सांगायचे. पोरी हुशार होत्या, त्यांना तिकडं म्हणजे कुठं ते कळायचं. एकीनं मला नालेवाली म्हटलं, तेव्हा मी घरी येऊन रडले आणि मायला सांगितलं. माय म्हणाली, म्हणू दे, तिच्याच घरी रोज दोन जुड्या जातेत. हे ऐकून मला बरं वाटलं. त्या पोरीवर सूड उगवल्यासारखं वाटलं. कसलं लेकरू होते मी, असं आज वाटतं, पण तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

त्याच वर्षी आमच्या शाळेत माने बाई आल्या. नाशिककडच्या, नवऱ्याची बदली उमरग्याला झाली म्हणून आलेल्या. मराठी शिकवायच्या. माझा निबंध वर्गात वाचून दाखवणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांनी माझ्या वहीवर 'छान, अजून लिही' असं लाल शाईनं लिहिलं, तर मी ती वही पोळपाटावर ठेवून मायला दाखवली. मायला वाचता येत नव्हतं, तरी तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि तेव्हापासून बाईंच्या गल्लीत जाऊन तिनं त्यांना रतीब लावला. बाईंची मुलगी मनू, चार-एक वर्षांची, डोळे मोठे आणि हातपाय काड्यांसारखे. तिचं पोट सारखं दुखायचं. खाल्लेलं अंगाला लागत नव्हतं. डॉक्टरांनी पालेभाज्या द्यायला सांगितलं होतं. बाई मला मधल्या सुट्टीत सांगायच्या, तुझ्या आईच्या पालकासारखा पालक आमच्या नाशकात नाही मिळत गं, मनू त्याचा नुसता पातळ रस्साही आवडीनं पिते. हे मी घरी येऊन सांगितलं. माय खूश झाली. मग ती मनूसाठी म्हणून एक मूठ जास्तीची टाकायला लागली, पैसे न घेता.

मनूचं पोट कशानं दुखत होतं, हे मला आजही ठाऊक नाही. शेकडो कारणं असू शकतात. मी पुढं शिक्षिका झाले, पुस्तकं वाचली. माणसाच्या घाणीतून येणारी जंतांची अंडी पानांच्या सुरकुत्यांत चिकटून राहतात, नुसत्या पाण्याखाली धरून जात नाहीत. गॅरेजच्या आणि बॅटरीच्या पाण्यातलं जड धातूंचं विष मातीत साठत जातं आणि मुळावाटे वर चढतं, ते तर शिजवूनही जात नाही. हे सगळं मला पुढं कळलं. पण मनूचं दुखणं आमच्याच पानातून आलं का, हे कोण सांगणार. मला एवढंच माहीत आहे की बबनचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं पोट कधी दुखलं नाही. तो मनूच्याच वयाचा होता आणि विहिरीवरचं खायचा.

मार्गशीर्षाच्या अवसेला आमच्याकडे येळवस असते. लातूर-धाराशिवच्या बाहेर हा सण फारसा कुणाला माहीत नाही, म्हणून सांगते. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले दगडांचे पाच पांडव मांडायचे, लक्ष्मी पुजायची. आंबिलाचं मडकं डोक्यावरून रानात न्यायचं. ज्वारी-बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, आणि भज्जी. भज्जी म्हणजे रानात जे जे हिरवं आहे ते सगळं, तुरीचे दाणे, वाटाणा, ओला हरभरा, मेथी, चुका, पात, गाजर, वांगी, सगळं बेसनात शिजवलेलं. आंबिलाबरोबर ती खाल्ली की माणूस तिथंच कडब्यावर आडवा होतो. ज्याला रान नाही त्याला रानवाल्यानं बोलवायचं, अशी पद्धत. नोकरदार, बदलीवाले, व्यापारी, कुणीही. एखाद्याच्या कोपीला पाहुणा नाही म्हणजे त्याची नाचक्की. आणि पाहुण्यानं जेवायच्या आधी रानातून हिंडायचं, हरभऱ्याचे डहाळे उपटायचे, गाजर काढायचं, कच्चंच खायचं. त्याला कुणी अडवत नाही. त्या दिवशी रान सगळ्यांचं असतं.

बाईंना मी बोलावलं. घरी विचारलंसुद्धा नाही, वर्गाबाहेर गाठून म्हटलं, बाई, येळवसला आमच्या रानात या. त्या चटकन हो म्हणाल्या, मनूला रान दाखवायचंच होतं. घरी येताना मात्र विचार आला. वासाचं काय करायचं? आण्णांना मी गयावया करून सांगितलं की त्या दिवशी मोटार लावू नका आणि आदल्या दिवशीही नको. ते हसले, पण त्यांनी ऐकलं. माय तर हरखून गेली. घरचा वाफा तिनं जवळजवळ रिकामाच केला, भज्जीला काही कमी पडू नये म्हणून. कोप तिनं नाल्यापासून लांब, विहिरीच्याही वरच्या अंगाला घालायला लावली. उंडे वळताना ती मला म्हणाली, तुझ्या बाईला एक डबा भरून बी देऊ. सगळं ठरल्यासारखं झालं. वाराही आमच्या बाजूनं होता, नाल्याचा वास पलीकडं जात होता.

बाई, त्यांचे मिस्टर आणि मनू आले. आण्णांचे बाजारातले एक दोस्त, आडतीचे शेठ, तेही आले होते. पूजा झाली, आण्णांनी रानाला आंबील शिंपडलं. पानं मांडेपर्यंत पाहुणे हिंडायला गेले. मी बाईंना विहीर दाखवत होते, पारवे कसे आतल्या कपारीत राहतात ते सांगत होते, आणि माझ्या आवाजात आण्णांचीच ऐट आली होती. मनूचा हात केव्हा सुटला आमच्या लक्षात आलं नाही. माणसाचं लेकरू हिरव्याकडंच जाणार. विहिरीवरचा वाफा तर भज्जीसाठी आम्ही खुडून टाकलेला. खाली मात्र ते हिरवंगार पसरलेलं. मनू उतरून तिथं गेली होती. तिनं एक गाजर उपटलं, फ्रॉकला पुसलं आणि तोंडात घातलं.

मायनं ते कोपीतून पाहिलं. तिच्या हातात आंबिलाचा तांब्या होता, तो तसाच टाकून ती धावली. इतकी धावताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. साप निघाला असं वाटून आम्हीही मागं पळालो. मायनं मनूच्या तोंडात बोट घालून तो घास बाहेर काढला आणि म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"थूक, माय, थूक. ते खायचं न्हाय. ते बाजाराचं हाय."

मनू रडायला लागली. मायनं वर पाहिलं तर समोर बाई उभ्या होत्या. आपण काय बोललो हे मायला तेव्हा कळलं, मला वाटतं. तिचा चेहरा मला आजही दिसतो. तिनं एका लेकराला वाचवायला धाव घेतली होती, अगदी खऱ्या मायेनं, आणि त्याच तोंडानं सगळं सांगून टाकलं होतं. बाईंनी आधी वाफ्याकडे पाहिलं, मग वाफ्यापलीकडच्या नाल्याकडे, मग पाइपकडे. शिकलेल्या बाईला आणखी काय सांगायचं.

"मग मी रोज घेते ते कुठलं असतं?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

आण्णा बांधावर उभे होते, त्यांनी मान वळवली. शेठजींनी काहीतरी हसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला, म्हणाले, अहो बाई, आपण शिजवून खातो की, आगीत समदं साफ होतंय. बाईंनी मनूला उचललं, विहिरीवर नेलं आणि तिच्या तोंडात पुन्हा पुन्हा पाणी घालून चूळ भरायला लावली. लेकराला चूळ नीट भरता येत नव्हती, ती पाणी गिळत होती, आणि बाई म्हणत होत्या, गिळू नको, गिळू नको. जमीन दुभंगावी वगैरे मला काही वाटलं नाही. मला फक्त त्यांनी लवकर घरी जावं असं वाटत होतं.

पण त्या गेल्या नाहीत. लक्ष्मीचं जेवण टाकून जाऊ नये हे त्यांना कुणी सांगितलं असेल, किंवा त्या मुळातच तशा होत्या. त्या पानावर बसल्या. माय वाढायला आली. भज्जी विहिरीची हाय, बाई, आईची शपथ, असं ती पुटपुटली. बाईंनी मान हलवली आणि खाल्लं, थोडंसं. मनूला मात्र त्यांनी पिशवीतून आणलेली बिस्किटं दिली. डबा भरलेला होता, तो द्यायचं धाडस कुणाला झालं नाही. त्या गेल्यावर तो डबा कोपीच्या कुडाला तसाच टेकून होता.

शाळेत बाई मला कधीच काही बोलल्या नाहीत. माझी वही तपासायच्या, शेरा लिहायच्या, निबंध चांगला असला तर वाचूनही दाखवायच्या. फक्त आधी त्या विचारायच्या, आई काय म्हणते, ते विचारणं बंद झालं. रागावल्या असत्या तर मी आण्णांची बाजू घेऊन मनातल्या मनात भांडले तरी असते. त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही, हेही मला कळत होतं, कारण मायची पाटी पहिल्यासारखीच खपत होती. माय त्यांच्या गल्लीत जायची थांबली. बाजारातही ती तोंडावर पदर ओढून बसायला लागली आणि तिचं ते गोड बोलणं गेलं.

येळवसनंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, मायनं खालच्या वाफ्यातली मेथी खुडून आणली आणि चुलीपाशी निवडायला बसली. मला वाटलं बाजाराची जुडी सुटली असेल, ती पुन्हा बांधत असेल. तिनं ती धुतली, चिरली, लसणाची फोडणी दिली, वरून शेंगदाण्याचं कूट घातलं. घरभर तोच वास सुटला जो रोज सुटायचा, काही फरक नव्हता. भाकरी थापल्या आणि सगळ्यांची ताटं वाढली. आण्णांनी एक घास घेतला, मेथीकडे पाहिलं. विहिरीवरची मेथी बारीक पानाची, ही रुंद पानाची. शेतकऱ्याला पान ओळखायला किती वेळ लागतो.

"ही खालची हाय?" त्यांनी विचारलं.

माय म्हणाली, व्हय, आता घरात हीच शिजणार. लोकांना चारतो ते आपण खायाला काय झालं. आण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग काय झालं कुणास ठाऊक, ते खाली मान घालून खायला लागले. मीही खाल्लं. चवीला ती उत्तम होती. बाईंना फसवलं त्याचं फेडायची मायची ही रीत होती. विकणं थांबवायचं तिला सुचलं नाही, आपणही खायचं हे सुचलं. आज मला हे वेडेपणाचं वाटतं आणि त्याच वेळी दुसरं काही तिच्या हातात होतं का, असंही वाटतं. रान आण्णांचं, मोटार आण्णांची. तिच्या हातात चूल होती.

बबन उशिरा आला, खेळून, धुळीनं माखलेला. मायनं त्याचंही ताट वाढलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडून मेथीत बुडवला, तेवढ्यात आण्णांनी हात पुढं करून त्याचं ताट आपल्याकडे ओढलं. त्याला नको, म्हणाले, त्याला दूध-भाकर दे. बबन रडवेला झाला. मायनं ताट परत पुढं सरकवलं.

"बाईची पोरगी केवढी हाय?" ती म्हणाली.

ताट दोघांच्या हातांमध्ये होतं, बबन एकदा त्यांच्याकडे एकदा तिच्याकडे पाहत होता. आण्णांनी आपला हात काढला नाही. माझे वडील दुष्ट नव्हते. नाल्यात उतरून त्यांनी आम्हाला वाढवलं, पायांची चाळण करून घेतली. पण अख्ख्या गावाची लेकरं इतकी वर्षं जे खात होती त्याचा एक घास ते स्वतःच्या लेकराच्या तोंडात जाऊ देईनात, आणि हे आम्ही सगळे बघत होतो, ते स्वतःही बघत होते. शेवटी ते ताट घेऊन उठले आणि बाहेर उकिरड्यावर रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खालच्या वाफ्यात कुळव घातला. उभी मेथी, उभा पालक मातीत गेला. मायनं पाटी माळ्यावर टाकली आणि पुन्हा बाजाराला गेली नाही.

इथं प्रकरण संपवलं असतं तर मला आवडलं असतं. पोराबाळांना मी ही गोष्ट इथपर्यंतच सांगत आले. पण खालचं रान पडीक किती दिवस राहणार? पाणी फुकट वाहत होतं आणि माझं पुढचं शिक्षण तोंडाशी आलं होतं. पुढच्या हंगामाला आण्णांनी ते रान बटईनं दिलं, सास्तूरकडून आलेल्या एका जोडप्याला. नवरा, बायको कमळ आणि एक लहान पोरगी. त्यांनी बांधावर पाल ठोकलं, मोटार पुन्हा नाल्यात सुटली, पालक पुन्हा तळहाताएवढा झाला. आता पाटी कमळ न्यायची. निम्मा वाटा आमचा. मी बाहेरगावी शिकायला राहिले ते त्याच्यावर. आमच्या हातानं विकायचं नाही, एवढीच आमची लाज होती, आणि ती आम्हाला पुरली.

थंडीच्या दिवसांत मी सुट्टीला आले होते. मायबरोबर विहिरीवर भाजी खुडायला गेले. खाली कमळ जुड्या बांधत बसली होती आणि तिची पोरगी शेजारी उकिडवी बसून गाजर खात होती, पाल्यासकट ओढत, तोंडाभोवती माती. माय थांबली. तिच्या पायांनी मागच्या वेळेसारखी धाव घेतली नाही, ती सावकाश बांधापर्यंत गेली. मी तिच्या मागं होते. ती कमळला म्हणाली, लेकराला तिथलं देत जाऊ नगं, चांगलं नसतंय ते. कमळनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली, खाली ठेवली आणि वर पाहिलं.

"मग काय देऊ, मालकीणबाई? हिरीचं पाणी तुमच्याकडं हाय."

ती काही टोचून बोलत नव्हती. बटईच्या बोलीत विहीर नव्हती, हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही. प्यायला तेवढे दोन हंडे आम्ही देत होतो. विहिरीला तेव्हा पाणीही होतं, आणखी एक वाफा सहज भिजला असता, झेंडू तर नुसता माजला होता. माय माझ्याकडे बघायला लागली. मी बाहेर शिकत होते, मला काहीतरी बोलता यायला हवं होतं. मी विहिरीत डोकावून पाहिलं, जणू काही मोजायचं होतं. पोरीनं गाजर संपवलं आणि दुसरं उपटलं.

"मालकांना इचारते," माय म्हणाली.

आम्ही भाजी घेऊन घरी आलो. तिनं विचारलं की नाही मला माहीत नाही. मीही कधी तिला विचारलं नाही. त्या संध्याकाळी आमच्याकडे शेपूची भाजी होती, मुगाची डाळ घालून केलेली, आणि आम्ही सगळ्यांनी ती पोटभर खाल्ली.